आयआयटी की सीओईपी? सांगली-साताऱ्यात दहावी झालेल्यांसाठी

दहावीचा निकाल लागला की विश्रामबागेत काय आणि पोवई नाक्यावर काय, क्लासच्या दारात पालक एकच विचारतात: जेईई घ्यावी की सीईटीच बरी? आयआयटीची वाट जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या दोन टप्प्यांतून, आधी मेन आणि मग ॲडव्हान्स्ड, अशी जाते. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, आपलं सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी या कॉलेजांची मुख्य वाट एमएचटी-सीईटीची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेची. फॉर्म बहुतेक जण दोन्हीचे भरतात. ठरवायचं असतं ते दोन वर्षांतला अभ्यासाचा मोठा वाटा कुठे घालायचा. हे ठरायला उशीर झाला की दोन्हीकडे थोडं थोडं कमी पडतं.

आधी पेपर शेजारी शेजारी ठेवून बघा. जेईई मेनला ३ तासांत ७५ प्रश्न आणि ३०० गुण असतात. म्हणजे एका प्रश्नाला साधारण अडीच मिनिटं मिळतात, आणि उत्तर चुकलं तर १ गुण जातो. सीईटीलाही ३ तासच, पण प्रश्न १५० आणि गुण २००. भौतिक-रसायनाचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न उरलेल्या ९० मिनिटांत, म्हणजे १०८ सेकंद. पहिल्या भागात वेळ उरला तरी तो गणिताला वापरता येत नाही. गणिताचा प्रश्न २ गुणांचा असल्यामुळे निम्मा पेपर एकट्या गणिताचा आहे. चुकल्यास गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

जेईईची चांगली तयारी झालेली मुलं सीईटीत इथेच अडकतात. प्रश्न येत असतो, पण सवयीने ते पूर्ण मांडणी करत बसतात आणि शेवटचे १५-२० प्रश्न वाचायचेच राहतात. अवघड अभ्यास झाला की सोपा आपोआप होतो, हा समज वेगाच्या परीक्षेत टिकत नाही. बारावीची लेखी परीक्षा संपली की आठवड्याला किमान २ पूर्ण पेपर घड्याळ लावून, संगणकावर सोडवले तरच हात बसतो.

अभ्यासक्रमातला फरक वरवर छोटा दिसतो, पण तो महागात पडतो. जेईईला अकरावी आणि बारावी सारख्याच तोलाच्या, आणि आधार एनसीईआरटीचा, म्हणजे केंद्राच्या पुस्तकांचा. सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीच्या निवडक प्रकरणांवर आणि ८० टक्के बारावीवर, तोही राज्य बोर्डाच्या बालभारतीच्या पुस्तकांवर. शिवाय दोन्ही पुस्तकांत धड्यांची जागा वेगळी आहे. रोटेशनल डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स हे एनसीईआरटीत अकरावीला, आपल्या बोर्डात बारावीला. जेईईच्या क्लासमध्ये हे धडे अकरावीलाच उरकतात, आणि बोर्डाच्या वेळी मुलगा ते विसरलेला असतो. उलट मॅथेमॅटिकल लॉजिक आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग बोर्डाला आणि सीईटीला आहेत, जेईईला नाहीत. नुसती जेईई केलेल्या मुलाने ही दोन प्रकरणं धरली नाहीत, तर हातातले गुण जातात.

भाषेचंही बघा. जेईई मेन मराठीतून देता येते, ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी किंवा हिंदीत. सीईटीत भौतिक-रसायन मराठीत मिळतं, गणित इंग्रजीतच. सेमी-इंग्रजीच्या मुलांना याचा त्रास कमी. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्यांनी अकरावीच्या जूनपासूनच इंग्रजी पुस्तक हातात घ्यावं.

ॲडव्हान्स्डला मेनमधले वरचे अडीच लाख विद्यार्थी बसू शकतात, आणि ती लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. शिवाय आयआयटी आणि एनआयटीला (केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) बारावीत ७५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ६५), नाहीतर बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. इंटिग्रेटेडवाले (कॉलेज आणि क्लास एकत्र चालवणारे) बोर्डाकडे दुर्लक्ष करायला शिकवतात, ते इथे नडतं. जानेवारीच्या शेवटी मेनचं पहिलं सत्र आणि बारावीची प्रात्यक्षिकं एकमेकांना खेटून येतात, म्हणून जर्नल डिसेंबरातच पूर्ण हवं. सीईटीच्या प्रवेशाला तिन्ही विषयांत मिळून ४५ टक्के पुरतात, राखीव गटांना ४०.

क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जायचं का? जाणाऱ्याने एक गोष्ट समजून जावं. एनआयटीच्या निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या, आणि राज्य धरलं जातं ते बारावी उत्तीर्ण झाल्याचं. बारावी राजस्थानातून केली तर नागपूरच्या व्हीएनआयटीतला महाराष्ट्राचा हक्क सुटतो. लातूर किंवा पुण्याला गेलं तर हा प्रश्न येत नाही. घरी राहून इथलाच चांगला क्लास केला तर रोजची झोप, जेवण आणि आईवडिलांची नजर शाबूत राहते. सोळाव्या वर्षी हे फार मोलाचं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांकडे मात्र सर्वांत उशिरा लक्ष जातं. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण राज्याचं आहे, ते आयआयटीला चालत नाही. तिथे अशा विद्यार्थ्याला ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) विचार करता येतो, पण केंद्राच्या नियमात उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरांपेक्षा कमी लागते. ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांचं गणित सातबाऱ्यापाशीच चुकतं. ओबीसींना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. राज्याच्या राखीव जागेवरच्या प्रवेशाला जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला तपासून दिलेलं प्रमाणपत्र हवं. त्याला महिने लागतात, म्हणून अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे द्या.

पैशाचं म्हणाल तर आयआयटीची शिकवणी फी वर्षाला २ लाख. उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ, ५ लाखांच्या आत असेल तर दोन-तृतीयांश माफ, आणि अनुसूचित जाती-जमातींना पूर्ण माफ. राज्याच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून गेलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

मग कुणी काय निवडावं? दहावीच्या टक्क्यांवरून ते कळत नाही. अकरावीच्या पहिल्या चार महिन्यांत एक खूण बघा: न सुटलेल्या गणितापाशी मुलगा उत्तर न उघडता वीस-पंचवीस मिनिटं स्वतःहून बसतो का, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गणिताकडे परत येतो का. येत असेल तर जेईई मुख्य धरा आणि सीईटी शेवटच्या दोन महिन्यांत बसवा. तो लगेच उत्तर बघत असेल, पण धडा झाल्यावर भराभर आणि बिनचूक सोडवत असेल, तर सीईटी मुख्य ठेवा आणि मेन सरावासाठी द्या. दिवाळीनंतर क्लास बदलायला जड जातं, म्हणून हे दिवाळीच्या आत ठरलेलं बरं.

सीईटीच्या वाटेने जाणाऱ्यांनी कॅपसाठी कॉलेजांचे पर्याय भरताना घाबरून क्रम बदलू नये. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. मनात सीओईपीचं कॉम्प्युटर असेल तर तेच वर लिहा. ‘वालचंद नक्की मिळेल’ म्हणून ते आधी लिहू नका, ते खाली लिहिल्याने त्याची संधी कमी होत नाही.