अल्ट्रालाइट रीलवर कोणती लाईन? खाडीतल्या एका हंगामाचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. 1000 साइजचं छोटं स्पिनिंग रील, 2 ते 7 ग्रॅमचे लूर (खोटी आमिषं) आणि मालवण-देवबागकडच्या खाड्या, एवढं धरून चाललात तर आठ पेडांची पीई 0.6 ब्रेडेड (पॉलिएथिलीनच्या धाग्यांची विणलेली लाईन; 0.6 हा जाडीचा नंबर) भरा आणि तिच्यापुढे रॉडच्या लांबीएवढा फ्लुरोकार्बनचा लीडर (लूरच्या बाजूचा शेवटचा तुकडा) बांधा. दुसरं म्हणजे दुकानात डबी हातात घेतली की पाउंडाचा, म्हणजे ताकदीचा, आकडा शेवटी बघा, मिलिमीटर आधी बघा. छोट्या रीलवर लांब पडणं, गुंता होणं, प्रवाहात लूर जागेवर राहणं, हे सगळं जाडीवर चालतं.

माझी जोडणी साधी आहे. साडेसहा फुटी रॉड, 1000 साइजचं रील आणि त्याची दोन जादा स्पूलं. पावसाचं गढूळ पाणी निवळल्यावर ऑक्टोबरात सुरुवात केली आणि मेपर्यंत स्पूलं आळीपाळीने वापरली. एकावर 6 पाउंडाचा साधा तंगूस (नायलॉनची लाईन), दुसऱ्यावर 5 पाउंडाची निव्वळ फ्लुरोकार्बन, तिसऱ्यावर पीई 0.6. जागा बहुतेक वेळा कोळंबच्या पुलाचा परिसर, कर्लीच्या खाडीचा किनारा आणि देवबागचं टोक. मासे म्हणजे काळुंदर, मुडदुशी, लहान गोब्रे, कांदळाच्या मुळांतली तांबोशी आणि नशीब असेल तेव्हा एखादी हातभर चोणक.

तंगुसापासून सुरू करतो, कारण आपल्याकडे गरी टाकणारा प्रत्येक जण त्याच्यावरच शिकलेला असतो. तंगूस स्वस्त, गाठ पटकन बसते आणि कोळंबी लावून तळाला गरी सोडायची असेल तर आजही मी तोच घेतो. काळुंदराचं तोंड लहान आणि नाजूक असतं. तंगूस ताणला जातो, तुटण्याआधी वीस-पंचवीस टक्के सहज लांबतो, त्यामुळे मासा झटके देतो तेव्हा गळ तोंड फाडून सुटत नाही. आमिषाच्या मासेमारीत हा ताण गुण ठरतो.

लूर टाकायला लागलं की तोच ताण आडवा येतो. तीस मीटरवर जिगहेड (डोक्याला वजन असलेला गळ) पडलेलं असताना तळाला वाळू आहे की दगड, हे तंगुसातून हाताला नीट कळत नाही. तांबोशीने लूर घेतला की ती तिथे थांबत नाही, थेट मुळांत शिरते. तुम्ही रॉड उचलता तेव्हा पहिला जोर लाईन ताणण्यातच जातो आणि तेवढ्यात ती आत गेलेली असते. शिवाय छोट्या रीलचं स्पूलही छोटं. त्यावर गुंडाळलेला नायलॉन आठवडाभर तसाच राहिला की स्प्रिंगसारखे वेढे धरतो. तीन ग्रॅमच्या लूरमध्ये हे वेढे ओढून सरळ करण्याइतका जोर नसतो. लाईन रॉडवरच्या पहिल्या गाईडवर (लाईन जाते त्या रिंगवर) आपटत, फडफडत बाहेर पडते आणि लूर अर्ध्यातच पडतो. आदल्या रात्री स्पूल पाण्यात बुडवून ठेवलं तर बराच फरक पडतो, कारण नायलॉन पाणी पितो आणि मऊ होतो. मात्र पाणी प्यायलेला नायलॉन जरा कमजोरही होतो, हे लक्षात ठेवून ड्रॅग (मासा ओढू लागला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) लावा. उन्हानेही तो लवकर खराब होतो. गाडीच्या मागच्या काचेखाली रील ठेवायची सवय असेल तर तंगूस दर दोन-तीन महिन्यांनी बदलाच.

निव्वळ फ्लुरोकार्बन भरलेल्या स्पूलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती जड असते, घनता 1.78 च्या आसपास, नायलॉनची 1.14. म्हणून भरभर बुडते आणि तळालगत लूर चालवायला छान वाटते. पण ती ताठ असते. 1000 च्या स्पूलवरून बेल (लाईन अडवणारी रीलची तार) उघडल्या उघडल्या कड्या उसळून बाहेर येतात. जानेवारीनंतर मी ती काढली आणि उरलेली सगळी लीडर म्हणून वापरली. मोठ्या स्पूलवर तिचं वेगळं असेल, छोट्यावर पैसे घालवू नका.

आता पीई. पहिल्याच सकाळी जे जाणवलं ते अंतर. मतलई वारा पाठीशी असताना तीन ग्रॅमचं जिगहेड तंगुसापेक्षा दीडपट तरी लांब गेलं, आणि हा फरक पूर्ण हंगाम टिकला. 6 पाउंडाचा तंगूस साधारण 0.205 मिमी जाड असतो, पीई 0.6 ही 0.128 मिमी. ताकद मात्र चांगल्या कंपनीच्या पीईची तंगुसाहून जास्तच. पातळ लाईनला वारा कमी लागतो आणि पाण्याचा ओढही कमी लागतो. देवबागच्या टोकाला सुकती (ओहोटी) जोरात असते तेव्हा हे फार चांगलं दिसतं. तंगुसाला प्रवाहात मोठा बाक येतो, लूर वाहत किनाऱ्याकडे येतो आणि आपण नुसता बाक गुंडाळत बसतो. पीई प्रवाह कापते आणि तेच जिगहेड तळाला टेकत टेकत चालतं. मुडदुशी लूर घेते ते तळालाच, त्यामुळे सुकतीच्या वेळी तंगुसाचं स्पूल मी पिशवीतून काढणंच सोडलं.

पीईच्या आकड्यांचं गणित एकदा समजून घ्या, आयुष्यभर उपयोगी पडतं. जपानी मापात 1 नंबर म्हणजे 0.165 मिमी. नंबर चौपट झाला की जाडी दुप्पट होते, म्हणून 4 नंबर 0.33 मिमी. फ्लुरोकार्बन लीडरलाही हेच माप: 2 नंबर 0.235 मिमी, म्हणजे साधारण 8 पाउंड; 3 नंबर 0.285 मिमी, साधारण 12 पाउंड. पाउंडाचा आकडा कंपनीगणिक वर-खाली होतो, जाडीला मात्र तुम्ही स्वतः तपासू शकता. पेन्सिलीवर लाईनचे वीस वेढे एकमेकांना अगदी चिकटवून घ्या, पट्टीने रुंदी मोजा आणि वीसने भागा. खऱ्या पीई 0.6 चे वीस वेढे अडीच मिलिमीटरच्या आसपास भरतात. ब्रेडेड दाबली की चपटी होते, त्यामुळे माप केसभर इकडेतिकडे होणार, पण खोटेपणा लपत नाही. ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त लाईनच्या डबीवर 0.10 मिमी छापलं होतं; वीस वेढे चार मिलिमीटर भरले. म्हणजे जाडी छापलेल्याच्या दुप्पट. तसली लाईन तुटत नाही म्हणून लोक खूश असतात, पण तिच्या बळावर अल्ट्रालाइटचा लूर लांब जाणार नाही.

स्पूल भरण्याचंही हेच गणित आहे, फक्त इथे जाडीचा वर्ग धरायचा. माझ्या स्पूलवर 0.20 मिमीची 100 मीटर असं लिहिलं आहे. पीई 0.6 ची 150 मीटरची डबी त्यात टाकली तर जागा उरते, आणि अर्धवट भरलेल्या स्पूलच्या काठाला घासत लाईन बाहेर पडली की मिळवलेलं अंतर गेलं. हिशोब केला की खाली 0.20 चा जुना तंगूस साधारण 38 मीटर लागतो. त्याचा दुसरा फायदा असा की पीई गुळगुळीत असते आणि धातूच्या स्पूलवर नुसती बांधली तर सगळा गठ्ठा गरगर फिरतो. तंगुसावर ती पकडून बसते. काठापासून दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवा. काठोकाठ भरलेलं स्पूल पीईला चालत नाही.

कारण गुंता. पीईची खरी डोकेदुखी हीच, आणि ती बहुतेक वेळा टाळता येते. लाईन मऊ आणि हलकी असल्यामुळे स्पूलवर एखादी ढिली कडी बसली की पुढच्या फेकीत ती आपल्या मागच्या दहा वेढ्यांना घेऊन बाहेर येते. दुपारी खारे वारे समोरून लागले की हे जास्त होतं. उपाय असा: लूर पाण्याला टेकायच्या आधी स्पूलच्या काठाला बोट लावून लाईन हलकेच थांबवायची, बेल हाताने बंद करायची, रॉड उचलून ढील काढायची आणि मगच हँडल फिरवायचं. हँडल फिरवून बेल पाडण्याची सवय पीईबरोबर सोडावीच लागते. गुंता झालाच तर ओढू नका. ओढलं की गाठ आवळते आणि कात्रीशिवाय सुटत नाही. सैल कड्या नखाने एकेक मोठ्या करत गेलं तर बहुतेक गुंते दोन मिनिटांत सुटतात.

लीडरकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि मासे तिथेच निसटतात. कोळंबला तंगुसाचं वेटोळं हातात घेऊन बसणारे एक आजोबा आहेत. माझी लाईन बोटावर घेऊन पहिल्या दिवशीच म्हणाले, "झिला, ह्यो दोरो कालवार लागलो की गेलो." अगदी खरं आहे. पुलाच्या खांबांना आणि खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडची. ताणलेली पातळ पीई त्यांना नुसती टेकली तरी जाते. म्हणून मोकळ्या वाळूवर 2 नंबरचा लीडर आणि कालवं किंवा कांदळाची मुळं जवळ असली की 3 नंबरचा. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतं असं सगळे सांगतात. त्याला आधार आहे: त्याचा अपवर्तनांक 1.42 च्या आसपास आणि पाण्याचा 1.33, नायलॉनचा त्याहून लांब. पण खाडीचं पाणी वर्षातले बरेच दिवस गढूळच असतं. माझ्या मते तिथे लीडरची जाडी वाचवते, त्याचं न दिसणं दुय्यम. प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा हातभर भाग ओठांवरून किंवा नखावरून फिरवा. खरखर लागली की तेवढा कापा, पुन्हा बांधा.

पीई आणि लीडर जोडायची गाठ एफजीच शिका. दोन यूनी गाठी एकमेकींवर ओढून केलेलं काम चालतं, अंधारात आणि ओल्या हाताने मीही तेच करतो, पण तो गठ्ठा टोकाच्या बारीक गाईडला टकटक लागतो आणि अंतर खातो. एफजीत पीई लीडरभोवती आलटून-पालटून गुंडाळली जाते, लीडरला गाठ पडतच नाही, म्हणून ती सडपातळ राहते. 0.6 ला मी दोन्ही बाजूंचे मिळून वीसच्या आसपास वेढे घेतो. आवळण्याआधी थुंकीने ओली करायलाच हवी, कारण पीई उष्णतेला नाजूक, दीडशे अंशांच्या अलीकडेच वितळते, आणि कोरड्या घर्षणाने गाठ आतून कमजोर होते. नीट आवळली गेली की पांढुरकी पीई लीडरवर रंग बदलून गडद दिसते. तो रंग दिसेपर्यंत ओढा.

पीई ताणली जात नाही, म्हणून सगळा झटका ड्रॅगने झेलायचा. ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ड्रॅग ठेवा. 8 पाउंडाचा लीडर म्हणजे 3.6 किलो, त्याचा पाव 900 ग्रॅम. घरी काटा नसला तरी एक लिटरची पाण्याची बाटली थोडी रिकामी करून लाईनला बांधा आणि रॉड न वाकवता लाईन सरळ रीलमधून सोडून उचला. बाटली हळूहळू खाली सरकत राहिली की ड्रॅग बरोबर. हे केल्यापासून काळुंदरही सुटत नाही, आणि पीईमुळे तोंड फाटतं ही तक्रार मला तरी पटेनाशी झाली आहे.

टिकाऊपणाचं सांगायचं तर रंग महिन्या-दोन महिन्यांत उतरला. त्याने काही बिघडत नाही. पुढचे दहा-पंधरा मीटर मात्र फेब्रुवारीत केसाळ दिसू लागले, ते कापले. पीईच्या पेडांत खारं पाणी साठतं आणि ते रीलच्या आत उतरतं, म्हणून प्रत्येक वेळी घरी येऊन ड्रॅग घट्ट करून स्पूल गोड्या पाण्याखाली हलकेच धरायचं, मग ड्रॅग सैल करून सावलीत सुकवायचं. हंगामाच्या मध्यावर मी लाईन दुसऱ्या स्पूलवर उलटी भरली. तळातला न वापरलेला भाग वर आला आणि दीड हजाराच्या आतबाहेर पडलेली डबी पुढेही चालली. चार पेडांचीही थोडे दिवस वापरून बघितली. ती स्वस्त आणि घासण्याला जरा चिवट, पण गाईडमधून सूं सूं आवाज करते आणि तेवढ्याच जाडीला आठ पेडांच्या मानाने कमी लांब जाते.

कापलेले तुकडे किनाऱ्यावर टाकू नका. तंगूस असो की पीई, कुजत नाही, आणि पाणकावळ्याच्या पायात अडकला तर तो पक्षी जगत नाही. पिशवीत एक जुनी गोळ्यांची डबी ठेवा, तुकडे तिच्यात टाका.

नवीन माणसाने किंवा मुलाने पहिलं रील घेतलं असेल तर पहिले काही महिने 6 पाउंडाचा तंगूसच भरा. बेल हाताने पाडायची सवय लागली की पीईकडे या. मी स्वतः एप्रिलमध्ये देवबागच्या वाळूवर मुडदुशीसाठी पीई 0.4, म्हणजे 0.104 मिमी, भरून पाहिली. दीड ग्रॅमचा लूरही चांगला लांब गेला. पण एफजी सटकू नये म्हणून वेढे तीसपर्यंत न्यावे लागले, आणि खाऱ्या वाऱ्यात ती हाताळणं कठीण. सकाळच्या शांत हवेपुरती तिच्यासाठी तिसरं स्पूल राखून ठेवलं आहे. कालवांच्या जवळ ती नेत नाही.