जुन्या एच.३२३ संचांसाठी ग्नू गेटकीपर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचे कार्यालय शिवाजीनगरला आणि कारखाना चाकणला आहे. दोन्हीकडच्या सभाकक्षांतले, एच.३२३ या व्हिडिओ कॉलच्या मानकावर चालणारे जुने व्हिडिओ कॉन्फरन्सिंग संच गेले काही महिने ग्नू गेटकीपर या मुक्त प्रणालीवर (संचांची नोंद ठेवून क्रमांकावरून कॉल जोडून देणारा सर्व्हर) नोंदवलेले आहेत. पूर्वी समोरच्या संचाचा आयपी पत्ता टाकल्याशिवाय कॉल लागत नसे आणि त्यासाठी प्रत्येक बैठकीआधी आयटी विभागातील कोणाला तरी बोलवावे लागे. आता प्रत्येक खोलीला चार अंकी क्रमांक आहे आणि उत्पादन विभागातील मंडळी रिमोटवरून तो स्वतः लावतात. एवढ्या एका सोयीसाठीही गेटकीपर बसवावा, असे माझे मत आहे. मात्र संचाच्या मेनूतील मूळ सेटिंग तशीच ठेवून चालत नाही.

गेटकीपरचा शोध ‘ऑटो’वर ठेवल्यास संच २२४.०.१.४१ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना संदेश पोहोचवणाऱ्या) पत्त्यावर १७१८ पोर्टवरून विचारणा करतो आणि ती सहसा राउटरपलीकडे जात नाही. म्हणून चाकणच्या संचांत ‘मॅन्युअल’ निवडून गेटकीपरचा पत्ता हाताने भरला. नोंदणीसाठी यूडीपी १७१९ आणि सिग्नलिंगसाठी (कॉल लावण्याच्या संदेशांसाठी) टीसीपी १७२० हे पोर्ट लागतात; पण एच.२४५ (चित्र-आवाजाचे स्वरूप ठरवणारे संदेश) आणि चित्र-आवाजाचे पोर्ट दर कॉलला बदलतात, त्यामुळे गेटकीपर प्रॉक्सी मोडमध्ये (सगळा प्रवाह त्याच्यामार्फतच जाईल असा) चालवून पोर्टची मर्यादित श्रेणी ठरवली आणि फायरवॉलमध्ये तेवढीच मोकळी केली.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो नोंदणीच्या मुदतीचा, म्हणजे नूतनीकरणाशिवाय नोंद किती वेळ टिकते याचा. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहिली की चाकणचा संच पुन्हा सुरू होताना डीएचसीपीकडून (आपोआप आयपी पत्ते वाटणारी सेवा) कधीकधी नवा पत्ता घेई. गेटकीपरकडे मात्र जुनी नोंद अजून जिवंत असे, आणि तोच क्रमांक दुसऱ्या पत्त्यावरून आल्यामुळे गेटकीपर नवी नोंदणी नाकारी. संचाच्या पडद्यावर नुसतेच ‘नोंदणी झाली नाही’ एवढेच दिसे. खरे कारण गेटकीपरच्या ७००० क्रमांकाच्या स्टेटस पोर्टवर टेलनेटने (दूरच्या यंत्राशी मजकुरातून जोडणारे साधन) पाहिल्यावर कळले, आणि ही सोय मला या प्रणालीतील सर्वांत मोलाची वाटते. संचांना कायमचे पत्ते दिले, नोंदणीची मुदत काही मिनिटांवर आणली, तेव्हापासून ही अडचण आलेली नाही.

बँडविड्थची मर्यादा घालताना एक बाब ध्यानात ठेवावी : संच परवानगी मागतो ती जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही प्रवाहांची मिळून. ३८४ केबीपीएसच्या कॉलसाठी ७६८ केबीपीएसची मागणी येते, आणि मर्यादा ५१२ वर असेल तर लाइन मोकळी असूनही कॉल नाकारला जातो. शिवाय या आकड्यात पॅकेट हेडरचा (प्रत्येक पॅकेटला जोडलेल्या पत्ता वगैरे माहितीचा) भार धरलेला नसतो, म्हणून चाकणच्या लाइनवर आम्ही त्यासाठी वेगळी जागा राखून मगच मर्यादा ठरवली आहे.