ड्राफ्टचा नंबर वैऱ्याला द्यावा की लांबच्या संघाला?

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नव्याने पाहू लागलेल्या भाच्याला हा प्रश्न पडलाय. ड्राफ्टमध्ये संघ कॉलेजचे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात; नंबर म्हणजे ती पाळी, आणि वैरी म्हणजे आपल्याच डिव्हिजनमधला, चार संघांच्या गटातला, संघ.

मोबदला: वैरी अडलेला असला की तोही चांगला भाव देतो. 2021 मध्ये डॅलसने 10 वा नंबर डिव्हिजनमधल्याच फिलाडेल्फियाला दिला आणि 12 वा व 84 वा घेतला. फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी डेव्हॉन्टा स्मिथ उचलला, डॅलसच्या काउबॉइजना मायका पार्सन्स मिळाला. मधल्या 11 व्या नंबरवर जायंट्स होते, तेही त्याच डिव्हिजनचे. स्मिथ त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही!

धोका: वैऱ्याशी दर हंगामात दोनदा गाठ पडते. दुसऱ्या कॉन्फरन्सचा (लीगच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा) संघ क्वचितच समोर येतो.

दोनच जागा खाली सरकायचं असेल, तर वैऱ्यालाही खुशाल द्या. समोरचा संघ क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, संघाचा सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू) घ्यायला येत असेल, तर लांबचाच संघ बरा. त्यासाठी मी थोडा भावही सोडेन.