शेतकरी बाजार: काय घ्यावं, काय सोडावं

थेट शेतकऱ्याकडून घेतलं म्हणजे सगळं ताजंच, हा समज अर्धाच खरा. या बाजाराचा कस लागतो तो तोडणीनंतर किती तास गेले यावर. कांदे, बटाटे, लसूण असल्या टिकाऊ मालासाठी पहाटे उठून तिथवर जाण्यात फारसं हशील नाही. पालेभाजी, कोवळा मका, टोमॅटो आणि स्ट्रॉबेरी यांत मात्र दुकान या बाजाराच्या जवळपासही येत नाही.

मक्याचंच घ्या. कणीस तोडलं की दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, आणि उन्हात तो झपाट्याने होतो. त्यामुळे पहिला प्रश्न ‘कधी तोडलं?’ हाच. पहाटेची तोडणी असेल आणि ढीग सावलीत असेल तर बिनधास्त घ्या. घरी पाला न सोलता फ्रिजमध्ये ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी उकडा.

पालेभाजी घेताना पानांना भुलू नका. पाणी मारून पानं टवटवीत करता येतात, पण देठाचा काप खोटं बोलत नाही. तो सुकून तपकिरी झाला असेल तर जुडी कालची किंवा परवाची. जुडीच्या मधोमध बोट घालून पाहा. चिकट लागलं तर आतून सड सुरू झालीय. स्ट्रॉबेरीचा डबा खालून बघायचा. तळाला रस लागलेला दिसला तर परत ठेवा.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे शेतकऱ्यांच्या रांगेत बसलेले व्यापारी. हंगाम नसलेली फळं, एकाच मापाचा माल, फळांवर स्टिकर (शेतावर स्टिकर चिकटवत कोण बसतं?) दिसलं की माल घाऊक बाजारातून आलाय असं समजा. वाण कोणता, पुढच्या आठवड्यात काय निघणार, हे विचारा. पिकवणारा लगेच सांगतो, दुसरा विषय बदलतो. ‘सेंद्रिय’ची पाटी असेल तर प्रमाणपत्र मागा, त्यावरचं नाव आणि मुदत वाचा.

निवड हवी तर बाजार उघडताना जा. शेवटच्या अर्ध्या तासात भाव बऱ्याचदा उतरतो, पण तोवर माल उन्हाने मलूल झालेला असतो. सूप किंवा सॉसला चालेल, कच्चं खायला नको. तोलण्याआधी काटा शून्यावर आहे ना, एवढं बघा.

पिशवीत जड माल खाली, टोमॅटो आणि पालेभाजी शेवटी. दूध, चीज घ्यायचं तर बर्फाची पेटी न्या. ती नसेल तर 2 तासांत फ्रिज गाठा, पारा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तासात. गाजर-मुळ्याचा पाला घरी आल्याआल्या कापा, नाहीतर तो मुळातलं पाणी ओढतो आणि गाजर रबरासारखं होतं. कच्चट टोमॅटो फ्रिजबाहेरच पिकू द्या. स्ट्रॉबेरी खायच्या वेळीच धुवा. आणि पालेभाजी सफरचंद-केळ्यांपासून लांब ठेवा. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती पिवळी पडते.