पाटोडी रस्सा, श्रावण आणि गल्ल्यामागची पाटी

पूर्व नागपुरातील ज्या सावजी भोजनालयाबद्दल लिहीत आहे, त्याचे नाव मुद्दाम देत नाही. स्वयंपाक उत्तम आहे आणि तक्रार एका संध्याकाळच्या वागणुकीपुरती आहे. श्रावणात येथे मटण, खूर, सुंदरी असे सारे सामिष बंद असते आणि त्याऐवजी पाटोडी रस्सा, डाळकांदा व शेवभाजी मिळते. डाळकांदा बरा आहे, शेवभाजी विसरण्याजोगी. पाटोडीसाठी मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाहून यावे. बेसनाची वडी वेगळ्या ताटलीत येते, वर भाजलेले खोबरे आणि खसखस. रस्सा काळसर, खरपूस मसाल्याचा, वर तर्रीचा जाड थर. वडी एकेक करून रश्श्यात सोडायची आणि ती फुगण्याच्या आत भाकरीच्या घासाबरोबर उचलायची, कारण उशीर झाला की तिचा पार लगदा होतो.

गल्ल्यामागे पाटी आहे: ‘येथे श्रावण पाळला जातो. मांसाहार मिळणार नाही. सर्वांनी श्रद्धेचा आदर करावा.’ पहिल्या दोन वाक्यांशी माझे काहीच भांडण नाही. मालकाने आपल्या चुलीवर काय शिजवावे हा त्यांचा प्रश्न आहे, आणि महिनाभर मटण मिळाले नाही म्हणून माझ्यासारख्या नास्तिकावर अन्याय झाला असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. तिसऱ्या वाक्यापाशी मी अडतो.

त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गल्ल्याशेजारच्या देव्हाऱ्यासमोर आरती सुरू झाली आणि वाढणारा मुलगा ‘उठा, उठा, आरती हाय’ असे सांगत टेबलांमधून फिरू लागला. रश्श्याने माखलेले हात अंगापासून दूर धरून लोक उभे राहिले. माझी पत्नी श्रद्धाळू आहे, तीही उभी राहिली. मी खाणे आणि बोलणे थांबवले, पण बसून राहिलो. गल्ल्यावरचा तरुण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मानत नसान तं नका मानू, पण आदर तं ठेवा ना, साहेब!”

मराठीत ‘मान देणे’ आणि ‘मान्य असणे’ हे शब्द इतके जवळचे आहेत की एकाच्या नावाखाली दुसरे सहज वसूल करता येते. श्रावणात मांस खाणे पाप आहे हा एक दावा आहे, आणि दाव्याला मान मिळायचा तो त्याच्या खरेपणावर, तो कोणाच्या मनात किती खोल रुजला आहे यावर नव्हे. पावसाळ्यात मांस पचत नाही हे जे शास्त्र त्याला मागाहून चिकटवले जाते ते तर मला अधिकच खटकते, कारण पोळ्याला श्रावण संपतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पाऊस थांबलेला नसतो, तरी मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. मी देणे लागतो ते माणसाला: त्याची टवाळी न करणे, त्याच्या पूजेत व्यत्यय न आणणे, त्याच्या ताटात त्याला नको ते न वाढणे. रमजानमध्ये मोमिनपुऱ्यात सूर्यास्तापूर्वी गेलो तर रोजा असलेल्या दुकानदारासमोर मी चहा घेत नाही, आणि ते त्याच्या तहानेसाठी. त्याच्या श्रद्धेबद्दलचे माझे मत त्याने बदलत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे ते व्यक्तींना, श्रद्धांना टीकेपासून संरक्षण म्हणून नव्हे. पूर्वीच्या दंडसंहितेचे कलम २९५-अ, जे आता भारतीय न्याय संहितेत २९९ झाले आहे, तेदेखील जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाबद्दल बोलते; गप्प बसून राहण्याबद्दल नाही. शिवाय हे नागपूर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही अशी आहे. न मानणे हाच अनादर असेल, तर दीक्षाभूमीवर दगडात कोरलेल्या त्या प्रतिज्ञांचे काय करायचे? दसऱ्याला तेथे येणाऱ्या गर्दीतले कितीतरी लोक याच भोजनालयात जेवतात, आणि ते दिवस वर्षातल्या सर्वांत मोठ्या गल्ल्याचे असतात, असे मालकच अभिमानाने सांगतात.

परतताना स्कूटरवर पत्नीने विचारले, “तिरडी दिसली की गाडी बाजूला घेऊन तुम्ही उभे राहता, ते कोणासाठी?” मी म्हणालो, खांदा देणाऱ्यांसाठी. “मग आज त्या पोरासाठी उभं राहायचं होतं.” याला माझ्याजवळ चोख उत्तर नव्हते. इतकेच म्हणता येईल की तिरडीपाशी मला कोणी दटावत नाही. त्या तरुणाने हळूच विनंती केली असती तर कदाचित मी उठलोही असतो. हक्काने मागितल्यावर मात्र पाय हलले नाहीत. यात थोडा हट्ट होता, हे मी नाकारत नाही.

आरती संपल्यावर मालक स्वतः आले. माझ्या वाटीत चार वड्यांचा लगदा झालेला पाहून त्यांनी ती उचलली, नवा रस्सा आणि नव्या वड्या आणवल्या आणि म्हणाले, “मानू नका, पण गरम गरम जेवा.” दुसऱ्या वाटीचे पैसे घेतले नाहीत. पाटीवर मात्र तीच तीन वाक्ये आजही आहेत.

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा गल्ल्यावरच्या तरुणाचा आहे, श्रावणाचा नाही. पाटोडी रस्सा १४० रुपये, ज्वारीची भाकरी २० रुपये, रस्सा पुन्हा मागितला तर वेगळे पैसे नाहीत. साडेसातच्या आत जेवण उरकता येत नसेल आणि आरतीला उभे राहायचे असेल, तर तोपर्यंत वडी रश्श्यात सोडू नये.