कोकणात कॅमेलिया: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

कॅमेलिया हे शोभेचं फुलझाड कोकणात जगतं का, असं बरेच जण विचारतात. जगतं आणि फुलतंही, पण आमच्या दापोलीत जमलं ते खाली समुद्राला लागून असलेल्या घरी तसंच जमेल असं मी म्हणणार नाही, कारण इथे थंडीत रात्रीचा पारा बऱ्यापैकी उतरतो आणि ह्याची कळी नीट उमलायला ती थंडी लागते.

माझ्याकडे कॅमेलियाच्या जॅपोनिका आणि ससांक्वा ह्या दोन्ही जाती आहेत, कालिम्पाँगकडून गेल्या थंडीत पार्सलने मागवलेले, दोन्ही कुंडीत. एकच घेणार असाल तर डोळे झाकून ससांक्वा घ्या. फूल लहान, पाकळ्याही लवकर गळतात, पण ऊन जास्त सोसतो. जॅपोनिकाचं फूल मोठं, देखणं, पण नखरे फार.

मातीचं टेन्शन आपल्याला नाही. ह्याला पीएच ५.५ ते ६.५ च्या आसपास लागतो आणि आपली जांभ्याची माती मुळातच आम्ल. फक्त चुना किंवा चुलीतली राख टाकायची नाही, नाहीतर पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणजे झाडाला लोह मिळत नाहीये.

खरी परीक्षा पावसात. चहाचं झाडही कॅमेलियाच, ते आसामच्या पावसात मजेत वाढतं, म्हणजे वावडं पावसाचं नाही, मुळाशी साचलेल्या पाण्याचं आहे. म्हणून कुंड्या चिऱ्याच्या तुकड्यांवर उचलून ठेवल्यात, मातीत जांभ्याची खडी आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि लावताना मुळांचा गड्डा जरा वरच ठेवला, खोड अजिबात पुरलं नाही. पागोळीखाली तर कुंडी नकोच. जुलैत दोन्ही पडवीच्या कडेला घेतली, मुळं शाबूत राहिली.

पाऊस सरताना फांदीच्या टोकाला गोल टपोऱ्या कळ्या दिसतात, शेजारी बारीक टोकदार असते ती पानाची. एका टोकाला दोन-तीन असल्या तर मी एकच ठेवते, बाकीच्या हलक्या हाताने पिळून काढते, मग राहिलेली चांगली भरते. आणि इथेच ऑक्टोबर हीट येते! माती एकदा कडक सुकली आणि मग बदाबदा पाणी घातलं की कळ्या तपकिरी होतात, बोट लावलं तरी पडतात. त्यामुळे माती कायम ओलसर, वर आंब्याच्या पातेऱ्याचा जाड थर, खोडापासून थोडा लांब, आणि जागा चिकूखाली, जिथे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी सावली. एवढं करून ससांक्वाच्या बहुतेक कळ्या टिकल्या, जॅपोनिकाच्या निम्म्या गळल्याच.

किनाऱ्यालगत ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यात खारटपणा येतो त्यांनी ते पाणी ह्याला घालू नये, आणि खारा वारा थेट लागेल अशी जागाही नको, पानांच्या कडा करपतात. पानांच्या मागे खवले कीड दिसली तर जुन्या टूथब्रशने घासून काढा, मग संध्याकाळी नीम ऑइल मारा, पुरतं तेवढं.

सध्या ससांक्वा फुललाय, जॅपोनिकाच्या कळ्यांना रंग दिसायला लागलाय. फुलं संपली की लगेच कुजलेलं शेणखत आणि हलकी छाटणी, उशिरा कात्री लावायची नाही, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या त्यानंतरच्या नव्या फुटीवरच धरतात.