‘वाड्याचं सागवान’ सांगून दिलेला टर्नटेबलचा प्लिंथ: नाशिकमधली फसवणूक

नाशिकमधल्या एका वर्कशॉपने गॅरार्ड 301 या जुन्या टर्नटेबलसाठी (रेकॉर्ड वाजवायच्या मशीनसाठी) प्लिंथ, म्हणजे मशीन बसवायचा लाकडी पाया, करून देताना आमची दोन प्रकारे फसवणूक केली. बोली होती पंचवटीतल्या पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून काढलेल्या भरीव सागवानाची. रक्कम 42,000 रुपये ठरली आणि त्यातले 25,000 आगाऊ घेतले गेले. हातात आला तो आत एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) आणि वरून 4 मिमी टीक प्लाय चिकटवलेला खोका. शिवाय मशीन परत आलं तेव्हा मोटरची मूळ पुली (मोटरच्या टोकावरची छोटी चाकी) गायब होती. गावात जुनी मशीन दुरुस्त करून वाजवणारे बरेच जण आहेत आणि हेच आमिष त्यांनाही दाखवलं जाईल, म्हणून सगळं तपशिलाने लिहितो आहोत.

ही थाप पटते याचं कारण तिच्यात खरेपणाचा अंश असतो. जुन्या नाशकातले वाडे पडतात तेव्हा त्यांचे खांब आणि तुळया वखारीत येतातच. ते लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलं असल्यामुळे त्याला मागणीही असते. पण खरं जुनं सागवान ओळखता येतं. जुने खिळे हातघडणीचे असत, त्यामुळे त्यांची भोकं चौकोनी किंवा लांबट असतात आणि लोखंडामुळे भोवतालचं लाकूड काळं पडतं. हा काळेपणा आत खोलवर गेलेला असतो. आम्हाला मिळालेल्या प्लिंथवरची भोकं ड्रिलने पाडलेली गोल होती, आत काळं फिलर भरलेलं होतं आणि ते टाचणीने उकरल्याबरोबर निघालं.

आणखी एक पक्की खूण आहे. वरच्या पृष्ठभागावरची लाकडाची रेषा कडेवरून खाली वळताना बघा. भरीव लाकडात ती आडव्या छेदात वाढीच्या वर्तुळांच्या रूपात पुढे दिसते. इथे वरून खाली रेषा जुळत नव्हती, आणि बाजूच्या पट्ट्या कोपऱ्यावर 45 अंशात जोडलेल्या होत्या. मात्र खरी तपासणी मशीन बसतं त्या खाचेच्या आतल्या कडेची करायला हवी. मशीन बसल्यावर ती झाकली जाते म्हणून तिथे कुणी मेहनत घेत नाही. कडेला काळा रंग मारलेला असेल तर तो नखभर खरवडायला सांगा. कोपऱ्यात 2 मिमीचं भोक पाडून भुसा तळहातावर घ्या. सागवानाची बारीक सालपटं निघतात, त्यांना थोडा तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास असतो. एमडीएफमधून मात्र पिठासारखी पूड येते.

आता एक गोष्ट सुतारकामाच्या बाजूने. भरीव सागवानाचा अखंड ठोकळा या कामाला मुळात योग्यच नाही. नाशिकमध्ये एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची ओल यांत लाकडातला ओलावा सहज तीन-चार टक्क्यांनी बदलतो. अशा वेळी 16 इंच रुंदीची फळी आडवी 2 ते 3 मिमी फुगते किंवा आक्रसते. चेसिस (मशीनचा धातूचा सांगाडा) घट्ट आवळलेली असेल तर तिच्यावर ताण येतो आणि टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) अंतर सरकतं. म्हणून चांगला प्लिंथ प्लायच्या थरांचाच असतो आणि बाहेरून सागवानाची पट्टी लावलेली असते. प्लाय वापरणं ही फसवणूक नाही. प्लायच्या जागी एमडीएफ घालून भरीव सागवानाचे पैसे घेणं ही फसवणूक आहे.

प्लिंथ जड हवा असा आग्रह आम्ही धरतो तो यंत्राच्या रचनेमुळे. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्डने 301 हे मॉडेल 1954 साली आणि 401 हे 1965 साली आणलं. दोन्ही प्लिंथशिवाय विकली जात. यांच्यात मोटरची पुली रबरी कडेच्या आयडलर चाकाला फिरवते आणि ते चाक प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीच्या) आतल्या कडेला घासून प्लॅटर फिरवतं. त्यामुळे मोटरचा थरथराट थेट चेसिसमध्ये उतरतो. पोकळ किंवा हलक्या खोक्यावर तो घुमतो आणि रेकॉर्डच्या शांत जागी खालच्या पट्टीतली घरघर ऐकू येते.

साधं, टिकाऊ माप असं: प्लिंथ साडेएकोणीस बाय साडेपंधरा इंच, 18 मिमी प्लायचे पाच थर, उंची 90 मिमी. आठ बाय चारच्या शीटच्या अर्ध्या भागातून करवतीची वाट धरूनही असे सहा तुकडे निघतात. प्लाय आयएस 710 (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) दर्जाचा घ्या. त्यावर आयएसआय शिक्का आणि लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. शिक्काही खोटा असू शकतो, म्हणून दोन इंची तुकडा पाण्यात तीन-चार तास उकळा. हलक्या डिंकाच्या प्लायचे पापुद्रे सुटू लागतात.

थर चिकटवण्याआधी एकेक तुकडा वजनकाट्यावर ठेवा. या मापाचा गर्जन या जड लाकडाच्या प्लायचा थर साधारण अडीच किलो भरतो, पॉप्लर या हलक्या लाकडाचा पावणेदोनच्या आसपास. एमडीएफही अडीच किलोच्या वर जातो, त्यामुळे नुसत्या वजनावर विसंबू नका, कडेचे थर डोळ्यांनी मोजा. एमडीएफचा मोठा दोष पावसाळ्यात कळतो. स्क्रूभोवतीची जागा फुगून भुसभुशीत होते आणि टोनआर्मचा पाया हलू लागतो. आमच्या प्लिंथमध्ये हाच दोष सगळ्यात आधी दिसला.

टोनआर्मचं भोक डोळ्याच्या अंदाजाने पाडू देऊ नका. स्पिंडलच्या (रेकॉर्डच्या भोकात जाणाऱ्या मधल्या खुंटीच्या) मध्यापासून आर्मच्या मध्यापर्यंतचं अंतर रेगा कंपनीच्या 9 इंची आर्मसाठी साधारण 222 मिमी आणि एसएमई कंपनीच्या 3009 आर्मसाठी 215.4 मिमी असतं. एसएमईचा पाया मागेपुढे सरकतो, रेगाचा सरकत नाही. तिथे दोन मिमीची चूक झाली तर कार्ट्रिजच्या (सुईच्या डबीच्या) खाचेत ती भरून निघेलच असं नाही. आर्मसाठी वेगळी फळी ठेवली तर चुकीची फळी बदलता येते, अख्खा प्लिंथ नाही.

पुलीचा प्रकार जास्त गंभीर आहे, कारण तो वाजवल्यावरच कळतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. मूळ 50 हर्ट्झची पुली काढून तिथे अमेरिकी 60 हर्ट्झची, म्हणजे व्यासाने लहान पुली बसवली होती. त्यामुळे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांवर लावलेलं मशीन 27.8 फेऱ्यांवर चाललं. वेग जमवायची कळ इतका फरक भरून काढू शकत नाही. वर्कशॉपचं उत्तर होतं, ‘जुनं मशीन आहे, मोटर दमली.’ 50 हर्ट्झच्या दिव्याखाली 180 रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायची चकती) फिरत्या प्लॅटरवर ठेवली की खरं कळतं: 33⅓ ला रेघा स्थिर दिसायला हव्यात. पुली, आयडलर चाक, प्लॅटर आणि स्पिंडलचं बेअरिंग या चारही वस्तूंना बाजारात वेगळी किंमत मिळते आणि नेमक्या त्याच बदलल्या जातात.

म्हणून सुताराकडे मशीन देऊच नका. चेसिसचा आराखडा 6 मिमीच्या हार्डबोर्डवर उतरवा, भोवती 3 मिमी मोकळी जागा धरा, मोटर खाली किती खोल जाते ते मोजून लिहा आणि फक्त तो साचा द्या. मशीन द्यावंच लागलं तर चेसिस नंबर, पुली आणि चाकाचे खालच्या बाजूचे फोटो काढून समोरच्याची सही घ्या.

बिलावर फक्त ‘लाकडी काम’ लिहिलं होतं आणि वर्कशॉपला सुटायला तेवढं पुरलं असतं. ‘भरीव सागवान’ हा शब्द व्हॉट्सअॅपच्या संदेशात होता म्हणून तक्रारीला आधार मिळाला. लाकडाचा प्रकार, थरांची संख्या, प्लायचा दर्जा आणि माप बिलात लिहून घ्या. पैसे तीन टप्प्यांत द्या: साहित्यापुरते आधी, थर चिकटवण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहून दुसरे, उरलेले मशीन बसवून वाजवल्यावर. काम बिघडलंच तर प्लिंथ कापून किंवा दुसऱ्याकडून दुरुस्त करून पुरावा घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे न मिटल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षांची असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क लागत नाही.